‘लस देऊ नये’ : हा शेरा कोणी तपासावयाचा?

आपल्याकडे येणाऱ्या दीर्घ आजाराच्या रुग्णांच्या फायली एकदा सवडीने चाळून पाहाव्यात. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या गृहिणी, मूत्रपिंडरोपण झालेले तरुण, केमोथेरपी पुरी करून घरी परतलेले निवृत्त शिक्षक, स्टेरॉइडच्या आधाराने दिवस काढणारी नेफ्रॉटिकची मुले. यांच्यापैकी कितीजणांच्या कागदांवर लसीकरणाची एक तरी ओळ आढळते? बहुतेकांच्या कागदांवर काहीच नसते. आणि ज्यांच्या कागदांवर असते, त्यावर तीन शब्दांचा शेरा असतो : ‘लस देऊ नये’. कोणती लस, किती काळ, कशासाठी, याचा उल्लेख नाही. शेरा लिहिणारा पुढच्या रुग्णाकडे वळतो, तो कागद मात्र रुग्णाबरोबर वर्षानुवर्षे फिरत राहतो.

या स्मरणिकेचे बहुतेक वाचक व्यवसायबंधू आणि भगिनीच आहेत, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. माझ्या मते हा शेरा पुष्कळदा चुकीचा असतो, क्वचित घातक ठरतो, आणि तो तपासून दुरुस्त करण्याचे काम मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञापेक्षा आपणा फॅमिली डॉक्टरांच्याच वाट्याला येते.

शेऱ्याचा उगम समजण्यासारखा आहे. आमच्या पिढीचे गुरुजन देवीच्या लशीच्या काळात वाढले. ती जिवंत विषाणूची लस होती. इसब असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दुबळी झालेल्या माणसाच्या अंगभर तिचे फोड पसरून प्रकरण जिवावर बेतू शकत असे. अशांना ती टाळावी, ही शिस्त योग्यच होती. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला, त्यानंतर ती लस इतिहासजमा झाली. तिच्यापुरता असलेला निर्बंध मात्र हळूहळू सरसकट सर्व लशींना चिकटला. ‘आधीच प्रतिकारशक्ती नाही, त्यात लस सोसणार कशी?’ हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून ऐकतो तसेच, खेदाने नमूद करतो, डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकतो.

वस्तुतः प्रश्न सोसण्याचा नाही. लशीत जिवंत जंतू आहे की नाही, एवढाच आहे. बीसीजी, तोंडाने द्यावयाचे पोलिओचे थेंब, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, रोटाव्हायरस, पीतज्वर, नाकात फवारण्याची फ्लूची लस, या जिवंत लशी. प्रतिकारशक्ती बरीच खालावलेली असताना त्या टाळावयाच्या. याउलट धनुर्वात, घटसर्प, कावीळ ‘ब’, न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, टोचण्याची फ्लूची लस, रेबीज, नागिणीची नवी लस, यांत जिवंत जंतू नसतो. त्यामुळे रोग होण्याचा प्रश्नच येत नाही. फार तर त्या कमी लागू पडतील. आपल्या देशात एक जादा खाचखळगा आहे, तोही सांगून ठेवतो. कावीळ ‘अ’ची लस आपल्याकडे जिवंत आणि मृत अशा दोन्ही प्रकारांत मिळते. चिठ्ठीवर नुसते ‘हिपॅटायटिस ए’ लिहिले, की दुकानदार जी फ्रीजमध्ये असेल ती देतो. येथे चिठ्ठी लिहिणाऱ्यानेच प्रकार स्पष्ट लिहिला पाहिजे.

सरसकट मनाईने काय होऊ शकते, याचे एक उदाहरण देतो. आमवाताच्या एक साठीच्या बाई. मेथोट्रेक्सेट आणि थोडे स्टेरॉइड चालू. सकाळी देवळातून परतताना गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला दात लावला. इंदूरकरांना हे नवल नाही. फाईल उघडून पाहिली तर त्यावर ‘लस देऊ नये’. घरच्यांनी त्या तीन शब्दांचा मान राखून जखमेवर हळद दाबली आणि दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या त्या रक्तदाबासाठी, चाव्याचा विषय बोलता बोलता निघाला. रेबीजच्या बाबतीत कोणतीही मनाई उरत नाही, गर्भारपणाची नाही, वयाची नाही, आणि प्रतिकारशक्तीची तर नाहीच. उलट अशा रुग्णाला रक्त न येता नुसते खरचटले असले, तरी लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे, अशी शिफारस आहे. कारण लशीवर एकट्या भिस्त ठेवता येत नाही. त्या बाईंना दोन्ही मिळाले, त्या सुखरूप आहेत. शेरा लिहिणाऱ्याच्या मनात कुत्रा नव्हता, हे मला मान्य आहे. कागदाला मात्र लिहिणाऱ्याचे मन कळत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या दृष्टीने या विषयाचे मर्म तेथेच आहे. प्रतिकारशक्ती बहुतेक रुग्णांची जन्मतः दुबळी नसते, ती आपण औषधांनी दुबळी करतो. म्हणजे ती दुबळी होण्याची तारीख आपल्याला आधी ठाऊक असते. मृत लशी त्या तारखेच्या किमान दोन आठवडे आधी आणि जिवंत लशी किमान चार आठवडे आधी द्याव्यात, असा साधा हिशेब आहे. आमवाताचे निदान झाल्यापासून रिटुक्सिमॅबपर्यंत पोहोचायला रुग्णाला बहुधा महिने लागतात, कित्येकदा वर्षे. मूत्रपिंड निकामी होत आल्याचे क्रिएटिनिन आपल्याला रोपणाच्या पुष्कळ आधी सांगत असते. हा सारा काळ आपल्या हाताशी असतो आणि तो आपण कॅल्शियमच्या गोळ्या लिहिण्यात दवडतो. रिटुक्सिमॅब एकदा दिले, की प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींची फळीच काही महिने नाहीशी होते. मग सहा महिन्यांच्या आत टोचलेली लस पुष्कळदा वाया जाते. (फ्लूची लस याला अपवाद समजावी. साथीचा हंगाम आपल्यासाठी थांबत नाही, तेव्हा ती वेळेवर द्यावीच.) कावीळ ‘ब’ची तपासणीही रिटुक्सिमॅबच्या आधीच झाली पाहिजे, कारण दबलेला विषाणू त्या औषधाने उसळी घेतो.

पानथरी काढण्याच्या शस्त्रक्रियेबाबतही हेच. ठरवून केलेली शस्त्रक्रिया असेल तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ‘बी’ या तिन्हींच्या लशी किमान दोन आठवडे आधी. अपघातात काढावी लागली तर साधारण दोन आठवड्यांनी. पानथरी नसलेल्या माणसाला येणारा ताप सकाळी साधा वाटतो आणि रात्री रुग्ण अत्यवस्थ असतो. थॅलेसेमियाची जी मुले पूर्वी पानथरी काढून मोठी झाली, त्यांतली कितीतरी आज तिशी-चाळिशीत आहेत, संसार करीत आहेत. आपल्या शहरातील सिंधी कुटुंबांत अशी माणसे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांच्या लशींची उजळणी कोणी केली? मेनिंगोकॉकसची मात्रा दर पाच वर्षांनी पुन्हा द्यावी लागते, हे त्यांना कोणी सांगितले?

पानथरीचा विषय निघालाच आहे तर आपल्या माळवा-निमाडच्या शेजाराकडे पाहू. अलीराजपूर, झाबुआ, बडवानी, धार येथून येणारे सिकलसेलचे रुग्ण आपल्या दवाखान्यांना आणि एम. वाय. रुग्णालयाला नवे नाहीत. सिकलसेलमध्ये पानथरी पोटातच राहते, पण वारंवार रक्तपुरवठा तुटून बालपणीच निकामी होते. शस्त्रक्रियेचा व्रण नसल्याने ती नाही हे आपल्या ध्यानातही येत नाही. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासण्या वाढल्या, कार्डे वाटली गेली. ही मोठीच गोष्ट आहे. मात्र निदानाचे कार्ड हातात असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला न्यूमोकॉकसची लस मिळालेली असण्याचा संभव फार थोडा. सरकारी लसीकरणात ती २०१७ मध्ये काही राज्यांपासून सुरू झाली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. त्याआधी जन्मलेली मुले या सवलतीच्या बाहेर राहिली, आणि गरज तर त्यांनाच अधिक. असा मुलगा मजुरीसाठी आलेल्या आईबापांबरोबर तापासाठी आपल्या दारात येतो. तेव्हा पॅरासिटमॉलबरोबर हा प्रश्न विचारणारे आपल्याखेरीज कोण आहे?

आता जिवंत लशींचा खरा धोका जेथे आहे, त्या जागेविषयी. तेथे मात्र आपण अजिबात सावध नसतो, हा मोठा विरोधाभास आहे. आतड्याच्या दाहासाठी किंवा मणक्याच्या संधिवातासाठी इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक औषधे घेणाऱ्या तरुण स्त्रिया आता गरोदर राहतात, आणि औषध चालू ठेवूनच सुखरूप बाळंत होतात. हे औषध वारेतून बाळाच्या रक्तात उतरते आणि कित्येक महिने राहते. ब्रिटनमधील अशाच एका बाळाला तिसऱ्या महिन्यात बीसीजी दिली गेली, ती अंगभर पसरली, आणि साडेचार महिन्यांचे असताना ते बाळ दगावले. २०१० मध्ये ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तेथे बीसीजी निवडक मुलांनाच देतात. आपल्याकडे ती प्रसूतिगृहातून घरी जाण्याआधी प्रत्येक बाळाच्या डाव्या दंडावर टोचली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु अशा मातेच्या बाळाला ती किमान सहा महिने पुढे ढकलावी, युरोपात तर इन्फ्लिक्सिमॅबसाठी बारा महिने सांगतात, हे प्रसूतिगृहातल्या परिचारिकेला कळणार कसे? औषध लिहिणारा एका इमारतीत, प्रसूती करणारी दुसऱ्या इमारतीत, बालरोगतज्ज्ञ तिसरीकडे. तिघांना ओळखणारा माणूस म्हणजे त्या कुटुंबाचा डॉक्टर. सातव्या महिन्यात प्रसूतिगृहाच्या नावे चार ओळींची चिठ्ठी त्याने दिली तर काम होते.

काही सुहृद म्हणतात, ‘अशा रुग्णांना लस लागू पडतच नाही, मग खर्च कशाला?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्यात अर्धे सत्य आहे. कोविडच्या काळात अमेरिकेत अवयवरोपण झालेल्या ६५८ व्यक्तींची पाहणी झाली. दोन मात्रांनंतरही त्यांच्यातील सुमारे ४६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली नाहीत. आकडा निराश करणारा आहे खरा. पण त्यातून कोणता निष्कर्ष काढावयाचा? तेथील औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये अशा रुग्णांना तिसरी मात्रा देण्यास परवानगी दिली. म्हणजे उत्तर कमी आले म्हणून प्रश्न विचारणे सोडले नाही, तो पुन्हा विचारला. डायलिसिसच्या रुग्णाला आपण कावीळ ‘ब’ची दुप्पट मात्रा, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, शून्य, एक, दोन आणि सहा महिने अशी चार वेळा देतो, ती याच कारणाने. येथे तर मोजमापही उपलब्ध आहे. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी दहा एककांच्या वर आहे का ते पाहावे, नसेल तर मालिका पुन्हा द्यावी, आणि पुढे दरवर्षी तपासावी. डायलिसिस केंद्रे लस देतात, पण पातळी तपासल्याचा कागद मला क्वचितच पाहावयास मिळतो. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांच्या बाबतीतही फ्लूची लस दिल्यावर, सांध्यांची अवस्था ठीक असेल तर, दोन आठवडे त्या गोळ्या थांबविल्याने लस अधिक चांगली लागू पडते. यासाठी खर्च शून्य. कॅलेंडरावर दोन रविवार खुडायचे एवढेच.

खर्चाची बाब मात्र खरी आहे, आणि ‘मोठ्यांच्या लशी म्हणजे कंपन्यांचा धंदा’ हा संशयही अगदी निराधार नाही. चकचकीत पत्रके पाहून मलाही मळमळते. म्हणून पैसा बेताचा असेल तर मी जो क्रम लावतो तो येथे मांडतो. तो कोणा समितीचा नाही, माझा आहे. कावीळ ‘ब’ आणि धनुर्वात यांना अत्यल्प खर्च लागतो, तेव्हा त्यांत चालढकल करू नये. त्यानंतर न्यूमोकॉकस. संयुग्म लस आधी द्यावी. ती तेरा प्रकारांची असेल तर किमान आठ आठवड्यांनी तेवीस प्रकारांची द्यावी, वीस प्रकारांची दिली तर बहुधा एकीवर भागते. फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, कारण आपल्या भागात साथ पावसाबरोबर येते. नागिणीची नवी लस मृत असल्याने ती आता अशा रुग्णांना देता येते. ती २०२३ पासून भारतात मिळते, पण महाग आहे, आणि दोन मात्रा लागतात. सर्वांना तिचा आग्रह मी धरत नाही. टोफॅसिटिनिब सुरू करावयाचे असेल तर मात्र धरतो, कारण त्या औषधाने नागिणीचे प्रमाण ठळकपणे वाढते, आणि नागिणीनंतर वर्षभर ठणकणारी कूस ज्याने पाहिली आहे त्याला पैशाचा हिशेब वेगळा दिसतो.

उलट दिशेची चूकही टाळावी. दम्याचा पंप घेणारा, गुडघ्यात एकदा स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेला, किंवा आठ दिवस प्रेडनिसोलोन घेतलेला माणूस ‘प्रतिकारशक्तीहीन’ ठरत नाही. रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक, चौदा दिवस किंवा अधिक, ही मोठ्या माणसासाठी मर्यादा आहे. तेथवर गेलेल्याने स्टेरॉइड थांबल्यावर महिनाभर तरी जिवंत लस घेऊ नये. एवढे ध्यानात ठेवले तरी कित्येक मुलांची गोवराची लस विनाकारण चुकणार नाही.

रुग्णाला देता येत नाही ती लस त्याच्या घरच्यांना देता येते. केमोथेरपी चाललेल्या मुलाला कांजिण्यांची लस नको, पण त्याच्या धाकट्या बहिणीला जरूर हवी. सून, नातू, स्वयंपाकाच्या बाई यांनी फ्लूची लस घेतली तर आजोबांच्या भोवती एक कुंपण तयार होते. अपवाद पोलिओच्या थेंबांचा. प्रतिकारशक्तीचा गंभीर दोष असलेल्या व्यक्तीच्या घरातील बाळाला थेंबांऐवजी टोचण्याची लस द्यावी, कारण थेंबांतील विषाणू बाळाच्या शौचावाटे बाहेर पडतो. पल्स पोलिओच्या रविवारी दारात उभ्या राहिलेल्या कार्यकर्तीला हे समजावणे घरच्यांना अवघड जाते. आपल्या सहीची चिठ्ठी त्यांच्याजवळ असावी.

अमेरिकेच्या संसर्गरोग संस्थेने २०१३ मध्ये अशा रुग्णांच्या लसीकरणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तीत पहिल्याच शिफारशीत म्हटले आहे, की लसीकरणाची जबाबदारी तज्ज्ञ आणि कुटुंबाचा डॉक्टर या दोघांची सामायिक आहे. तत्त्व निर्दोष आहे. पण सामायिक विहिरीचा गाळ कोणी उपसत नाही, हे आपण खेड्यांत पाहिलेले आहे. खरगोनचा रुग्ण तज्ज्ञाला सहा महिन्यांतून एकदा भेटतो, तीही भेट दहा मिनिटांची. आपल्याला तो महिन्याला भेटतो, कधी नुसता बिलाच्या पावतीसाठीही. त्याची मुलगी गरोदर आहे, नातवाला गोवर येऊन गेला, गल्लीत कुत्री वाढली आहेत, हे आपल्याला ठाऊक असते. तज्ज्ञांना न विचारता काही करावे असे मी सुचवीत नाही. औषधे केव्हा थांबवायची, रोपणानंतर केव्हा पुन्हा सुरुवात करावयाची, हे त्यांच्याशी फोनवर बोलूनच ठरवावे. पण फोन कोणी करावयाचा, याचे उत्तर माझ्या मनात पक्के आहे.

यासाठी आपल्या संस्थेपुढे मी एक सूचना ठेवतो. पोस्टकार्डाएवढे एक जाड कार्ड, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. वर रुग्णाचा आजार आणि चालू औषध. खाली दोन रकाने, ‘चालेल’ आणि ‘आत्ता नको, केव्हापर्यंत’. रेबीज आणि धनुर्वात हे पहिल्या रकान्यात आधीच छापलेले असावेत, म्हणजे ते कोणाला खोडता येणार नाहीत. शेवटी डॉक्टरांची सही व दूरध्वनी. महाग लशींच्या कुप्या प्रत्येकाने ठेवण्यापेक्षा संस्थेच्या चार-पाच सभासदांनी मिळून, इन्व्हर्टरला जोडलेल्या एका फ्रीजमध्ये, दोन ते आठ अंशांच्या नोंदवहीसह ठेवाव्यात. उन्हाळ्यात वीज गेल्यावर कोणाच्या फ्रीजचे काय होते, हे आपण एकमेकांना सांगत नाही इतकेच. कार्डाचा नमुना मी तयार केला आहे. येत्या सर्वसाधारण सभेला त्याच्या प्रती घेऊन येईन. बालरोगतज्ज्ञ सभासदांनी त्यातील बीसीजीची ओळ तेवढी आधी पाहून द्यावी.